शस्त्राची धार आणि रुग्णाचा होकार

'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' हे तीन शब्द कानी पडताच शस्त्रक्रियागृहाबाहेर ताटकळत बसलेल्या आप्तेष्टांचा जीव भांड्यात पडतो. गाठ निघाली, कडा रोगमुक्त आल्या, टाके जुळले, एवढ्यावर शल्यचिकित्सकाचा हिशेब पुरा होतो. परंतु ज्याच्या देहावर ते शस्त्र चालले त्याचा हिशेब निराळा असू शकतो, आणि तो बहुधा कोणी विचारीतच नाही. त्वचेच्या कर्करोगात ही तफावत विशेष ठळक दिसते. येथे रोग उघड्या डोळ्यांना दिसतो, घावाची खूण चेहऱ्यावर किंवा पावलावर जन्मभर राहते, आणि उपचारांची घाई कितपत करावी या प्रश्नाचे उत्तर रोगाच्या प्रकाराप्रमाणे व रुग्णाच्या वयाप्रमाणे अगदी बदलते.

हा रोग गोऱ्या लोकांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते, म्हणून उन्हाने होणारे कर्करोग आपल्यांत कमी आढळतात. परंतु उन्हाशी संबंध नसलेले प्रकार आपल्यालाही चुकलेले नाहीत. भारतीय विकृतिशास्त्राचे प्रणेते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच, कमरेला धोतर कसून बांधल्याने वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाकडे वैद्यकजगताचे लक्ष वेधले होते. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही तो होतो. सर्वांत घातक असा मेलॅनोमा आपल्याकडे पुष्कळदा तळपायावर अथवा नखाखाली उगवतो. भाताच्या खाचरात किंवा होडीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसाला तो कुरूप वाटतो, नाहीतर काट्याची जुनी जखम वाटते. महिनोन्महिने घरगुती लेप चालतात. रुग्ण रुग्णालयात पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि मग त्या उशिराची भरपाई म्हणून त्याच्या वतीने सारे निर्णय घाईघाईने घेतले जातात.

अशा घाईत 'जितके अधिक कापावे तितके बरे' हे तत्त्व सर्वांनाच पटते. त्याचा इतिहास मात्र उद्बोधक आहे. लंडनचे शल्यचिकित्सक हँडली यांनी १९०७ मध्ये मेलॅनोमाभोवतीचा विस्तृत भाग काढून टाकावा असे प्रतिपादन केले. त्यास आधार होता तो रोग बळावलेल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनाचा. पुढे अनेक दशके सभोवारची पाच-पाच सेंटिमीटर कातडी काढण्याचा परिपाठ चालला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ६१२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन मिलिमीटरपर्यंत जाडीच्या मेलॅनोमात एक सेंटिमीटर कड सोडून काढले काय किंवा तीन सेंटिमीटर सोडून काढले काय, रुग्णांच्या जगण्यात फरक पडला नव्हता. जवळच्या लसिका ग्रंथींचीही कथा हीच. पहिल्या ग्रंथीत रोगाचा अंश सापडला की उरलेल्या साऱ्या ग्रंथी काढून टाकण्याची रीत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, ग्रंथी तत्काळ काढलेल्या आणि केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या अशा दोन्ही गटांत, तीन वर्षांअखेर मेलॅनोमाने मृत्यू न आलेल्यांचे प्रमाण सारखेच, म्हणजे शेकडा ८६ भरले. ग्रंथी काढल्याने त्या भागातील रोग काहीसा अधिक आटोक्यात राहिला हे खरे. परंतु अवयवाला सूज येण्याचे प्रमाण एका गटात शेकडा २४ तर दुसऱ्यात ६ होते. ज्याला रोज माडावर चढावयाचे आहे त्याला सुजलेल्या पायाचे मोल निराळे, आणि ज्याला पुन्हा रोग उद्भवण्याच्या धास्तीने झोप लागत नाही त्याला निराळे. हे मोल शल्यचिकित्सकाने आपल्या तराजूत कसे करावे?

याच्या उलट बाजूस बेसल सेल कार्सिनोमा हा मंद गतीचा प्रकार आहे. तो सहसा शरीरात अन्यत्र पसरत नाही. पण दुर्लक्ष केल्यास नाक, पापणी, कान कुरतडत जातो. त्यावर मोझ यांच्या नावाने ओळखली जाणारी, एकेक थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत आहे. नेदरलँड्समधील दहा वर्षांच्या चाचणीत, चेहऱ्यावर एकदा काढूनही पुन्हा उगवलेल्या गाठींसाठी ही पद्धत वापरली तेव्हा शेकडा ३.९ गाठी परत आल्या. साध्या शस्त्रक्रियेनंतर १३.५. पन्नाशीच्या माणसाला हा फरक निर्णायक आहे. परंतु त्याच चाचणीत, प्रथमच झालेल्या गाठींपैकी ज्या परत आल्या त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षे उलटल्यावर आल्या होत्या. नव्वदीच्या, हृदय थकलेल्या वृद्धाला या दूरच्या लाभाचा उपयोग किती? सॅन फ्रान्सिस्को येथील दोन चिकित्सालयांतील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलॅनोमाखेरीजच्या त्वचाकर्करोगांत बहुतेक गाठींवर शस्त्रक्रियाच झाली होती, आणि रुग्णाचे आयुष्य किती उरले असावे याचा त्या निवडीवर परिणाम दिसला नाही. अल्पायुषी ठरलेल्या गटातील शेकडा ४३ रुग्ण पाच वर्षांत वारले. त्या कर्करोगाने मात्र त्यांतील एकही नाही. उपचारांमुळे त्रास झाल्याचे त्या गटातील सुमारे शेकडा २० जणांनी सांगितले.

यावरून वृद्धांवर शस्त्रक्रिया करूच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वाहणारी, दुर्गंधी येणारी जखम घेऊन पालखीच्या दिवशी देवळात जाण्यास संकोचणाऱ्या आजीला ती गाठ काढून हवी असेल, तर वयाचे कारण सांगून तिला परत पाठविणे हाही अन्यायच होय. मुद्दा एवढाच की तिला काय हवे आहे ते तिलाच विचारले पाहिजे.

आणि नेमके तेच आपल्याकडे घडत नाही. डॉक्टर बोलतात ते थोरल्या मुलाशी, जावयाशी किंवा गावातील एखाद्या शिकलेल्या माणसाशी, आणि तेही दाराबाहेर. 'आईला काही सांगू नका, ती हाय खाईल' असे मुलगा सांगतो. डॉक्टर मान डोलावतात. यामागे माया असते, याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्या मायेपोटी आजीच्या नाकाचा निर्णय आजीला वगळून होतो. आपल्या नियमांनीही या सवयीस खतपाणी घातले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती कोणाची घ्यावी हे सांगताना पती वा पत्नी, पालक यांचा उल्लेख आधी येतो आणि स्वतः रुग्ण शेवटी. २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम अधिसूचित झाले. त्याच महिन्यात ते स्थगित होऊन जुनेच पुन्हा लागू झाले.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र १६ जानेवारी २००८ च्या निकालात दिशा स्पष्ट केली आहे. केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. प्राणसंकट नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने अन्य कोणी संमती देऊ शकत नाही. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. उपचारांचे स्वरूप, त्यांतील धोके, अन्य पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णास पुरेसे समजावून सांगितले पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. निकाल स्त्रीरोगासंबंधीच्या प्रकरणातला असला तरी त्यातील तत्त्व पावलाच्या अंगठ्यालाही तितकेच लागू आहे.

रुग्णाचा निर्णय चुकला तर काय, असे विचारले जाईल. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा आढळला. अंगठा कापण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्या धर्मश्रद्धेचा त्यात वाटा होता असे सांगतात. मर्यादित शस्त्रक्रिया झाली. पुढे रोग पसरून १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नकाराची किंमत अशी प्राणाचीही असू शकते, म्हणूनच ती आधी स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. मात्र ती समजून घेऊन सज्ञान माणसाने नकार दिला, तर त्याला अडाणी ठरविण्याचा किंवा रागावून वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार वैद्यास नाही. जखम बांधणे, वेदना शमविणे आणि मन बदलल्यास दार उघडे ठेवणे, ही कर्तव्ये नकारानंतरही उरतातच.

हे सारे साधण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. आपल्या किनारपट्टीवरील रुग्ण घरात कोकणी बोलतो, वाचतो मराठी, आणि अंगठा उठवतो किंवा सही करतो ती इंग्रजी छापील कागदावर. संमतिपत्र त्याला वाचता येईल अशा भाषेत असावे. तातडीचे कारण नसेल तर सांगणे आणि सही घेणे यांत किमान एक रात्र जाऊ द्यावी. नातेवाईक सोबत असावेत, पण रुग्णाच्या शेजारी. त्याच्या जागी नव्हे. 'गाठ काढावी का?' एवढेच न विचारता 'पुढल्या दिवसांत आपल्याला काय करता आले पाहिजे?' असे विचारावे. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांपुढे रांगा असतात, वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. परंतु तिचे उत्तर समजावून सांगणारी प्रशिक्षित माणसे नेमणे हे आहे, आणि ती नेमण्याची जबाबदारी शासनाची आहे.

वैद्याला रोग कळतो. आपले आयुष्य कशासाठी जगायचे ते रुग्णाला कळते. या दोन ज्ञानांची भेट शस्त्र उचलण्यापूर्वी झाली पाहिजे. ती न होता निघालेली गाठ वैद्यकाच्या वहीत यश म्हणून नोंदली जाईलही. त्या यशात रुग्णाचा वाटा किती, हे विचारण्याची सवय आता समाजाने लावून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.