नखांवरचे भूत



धम्मचक्र प्रवर्तन दिनाची धावपळ संपली की मला जरा उसंत मिळते. अशाच एका रविवारी भावाची मुलगी दारात हजर. ती अमेरिकन गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या कंपनीत रात्रपाळी करते. म्हणाली, "आत्या, ३१ ऑक्टोबरला ऑफिसात हॅलोविन आहे. नखांवर भुतं काढून दे ना. पार्लरवाली मागते तेवढ्यात माझा आठवड्याचा डबा येतो."

आता आली का पंचाईत! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्यावरचा विश्वास हा अधम्म सांगितला आहे. आत्माच नाही तर भटकणार कोण? विहारात येणाऱ्या मुलांना मी हेच शिकवते. आणि मीच भूत रंगवायचे?

पण विचार केला, हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. पीक घरात आले, हिवाळा तोंडावर आला की त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात असा तिकडे समज होता. आयर्लंडात सलगम पोखरून त्यात दिवा ठेवीत. तिथले लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठा भोपळा मिळाला. आज ती पोरांची गोळ्या-चॉकलेटची मौज आहे. ज्याची भीती उरली नाही ते भूत नखावर बसले तर बिघडले कुठे?

रीत सोपी आहे. नखे कापून, तेलकटपणा पुसून केशरी नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. काळे पॉलिश थेंबभर प्लास्टिकच्या झाकणावर घ्या, त्यात टूथपिकचे टोक बुडवा. दोन त्रिकोणी डोळे, खाली दातेरी तोंड, झाला भोपळा. भुतासाठी काळ्या नखावर पांढरा ठिपका द्या आणि ओला असतानाच खाली ओढून तीन शेपट्या काढा. डोळे केसांच्या पिनेच्या गोल टोकाने छान उठतात. शेवटी बिनरंगी पॉलिशचा एक हात. रिमूव्हरजवळ गॅस किंवा मेणबत्ती नको, तो झटकन पेट घेतो. आपल्या एका खोलीच्या घरांत हे मुद्दाम सांगावे लागते. १४ एप्रिलला निळ्या रंगावरही हेच करता येईल. अशोकचक्राचे २४ आरे नखावर मावत नाहीत, आठ आऱ्यांचे धम्मचक्र मावते.

आठ नखे झाली. नवव्याला ती म्हणाली, "इथे चेटकीण काढ. टोकदार टोपी, वाकडं नाक, हातात झाडू."

माझा हात थांबला.

दिवाळी आमच्या घरी नव्हती, पण शाळेला सुट्टी असायची. ती सगळी आजोळी जाई. आजी पाट्यावर मेंदी वाटायची, त्यात काथ आणि चहाचे पाणी घालायची आणि रात्री आमच्या बोटांना चिंध्या बांधायची. सकाळी नखे लालभडक. ही मेंदी यायची वाड्याच्या टोकाला एकटी राहणाऱ्या एका म्हातारीच्या कुंपणाची. तिला नवरा नाही, मूल नाही. एका पावसाळ्यात हगवणीने दोन लेकरे गेली आणि तिने करणी केली अशी आवई उठली. पोरे तिला चेटकीण म्हणत. ती दिसली की आम्ही थुंकायचो. हो, मीसुद्धा. आजी मला पाल्याला पाठवी तेव्हा मी श्वास रोखून जायची, आणि ती माझ्या फ्रॉकच्या ओट्यात पाला भरून वर मूठभर शेंगा टाकायची. शेंगा मी वाटेत फेकून द्यायची.

पुढे देवऋषी आणला, तोही आपल्याच माणसांनी. दीक्षा घेऊन ३० वर्षे होत आली होती. घराघरांत बाबासाहेबांचा फोटो होता. तिच्या दारात काय काय झाले ते आम्हा मुलांना कुणी सांगितले नाही. पुढच्या सुट्टीत गेलो तर ती गाव सोडून गेलेली, कुंपण तोडलेले. त्या वर्षी मामाने बाजारातून नेलपॉलिशची बाटली आणली.

भाचीला म्हटले, "भूत खोटं आहे गं, म्हणून काढलं. चेटकीण म्हणून मात्र दरवेळी खरीखुरी बाई धरतात." अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले, त्यांत १४ बाया होत्या. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी करते म्हणून एखादीला छळले तर सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. तुमच्या वस्तीत अशी कुजबुज कानावर आली तर पोलीस ठाण्यात जा, एकटीने नको, महिला मंडळाला घेऊन जा.

पोरगी गप्प झाली. नवव्या नखावर तिने स्वतःच कोळ्याचे जाळे काढले. मग विचारले, "आत्या, त्यांचं नाव काय होतं?"

मला आठवेना. आईला फोन लावला. तिने क्षणात नाव सांगितले, आणि वर म्हणाली, "पण तिन्हीसांजेला कशाला तिचं नाव काढतेस?"