शेरा मारू नका, लिहा!

‘शेरा’ हा शब्द कचेरीतला. अर्जाच्या कोपऱ्यावर अंमलदार तो ओढतो आणि अर्जदाराचे तोंडही न पाहता कागद पुढे ढकलतो. हाच शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकात येऊन बसला आणि त्याच्यामागून ती वृत्तीही आली. आपण शेरा ‘लिहिला’ असे क्वचितच म्हणतो. ‘मारला’ असेच म्हणतो!

‘प्रगती समाधानकारक’, ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’, ‘अधिक परिश्रमांची आवश्यकता’. यांतले कोणतेही वाक्य कोणत्याही मुलाच्या नावापुढे लिहावे. ते खोटे ठरत नाही, कारण त्यात काही सांगितलेलेच नसते. ‘गणितात कच्चा’ हा शेरा त्याहून घातक. तो मुलाच्या कामावर नव्हे, मुलावरच शिक्का मारतो, आणि दहा वर्षांचे पोर तो शिक्का जन्मभर खरा मानून चालते.

आपल्या देवळांतून पखवाज शिकविणारे गुरुजी शिष्याला ‘प्रगती समाधानकारक’ असे सांगतात काय? ते म्हणतात, ‘बोल स्वच्छ निघतो, पण समेवर येताना लय वाढते. आठ दिवस हाच ठेका विलंबित वाजव.’ एवढ्यात तीन गोष्टी आल्या: काय साधले, नेमके कोठे अडते आणि उद्यापासून काय करावयाचे. प्रगतिपुस्तकातही हेच हवे. ‘गणितात कच्चा’ याऐवजी असे लिहावे: ‘बेरीज पक्की आहे. हातच्याच्या वजाबाकीत दशक सुटा करण्यास विसरतो. घरी दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडून रोज पाच उदाहरणे करावीत.’ हे वाचून आई कामाला लागू शकते. आधीचा शेरा वाचून ती फक्त रागावू शकते, किंवा रडू शकते.

कायद्याने वाट मोकळी केलेलीच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर मुलाने स्वतःविषयी व सोबत्यांनी त्याच्याविषयी केलेल्या मूल्यमापनालाही प्रगतिपत्रकात जागा दिली. महाराष्ट्रात ‘वर्णनात्मक नोंदी’ आल्या. पण पाठोपाठ तयार नोंदींच्या याद्याही आल्या! त्यांतली वाक्ये उतरवून काढली की काम संपले. कचेरीतला शेरा एका शब्दाचा होता, हा एका ओळीचा झाला. मूल मात्र दोहोंतही नाही.

शिक्षकांना वेळ नाही, असे उत्तर मिळेल. जनगणना व निवडणुका त्यांच्याच माथी येतात, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच कायद्याने प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले आहे. रोज फक्त दोन मुलांविषयी दोन ओळी टिपल्या, तर १५ दिवसांत तीसही मुले पुरी होतात. वर्गात मुले अधिक असतील तर दिवस अधिक लागतील, इतकेच. सत्राच्या शेवटच्या रात्री सारी प्रगतिपुस्तके पुढ्यात घेऊन बसले की मग मात्र ‘समाधानकारक’ याखेरीज काय सुचणार?

दुसरे म्हणतील, कठोर शब्दांनीच मूल घडते. आमचा कठोरपणाला विरोध नाही, मोघमपणाला आहे. ‘हुशार’, ‘छान’ ही गोड भाषाही तितकीच मोघम. दोष झाकणे ही दया नव्हे. दोष नेमका दाखवून उपाय सांगावा. ताडून पाहावयाचे तर मुलाच्या मागल्या कामाशी, शेजारच्या बाकाशी नव्हे. आणि घरात वाचता येईल अशा भाषेत लिहावे. फोंड्यात, बेळगावात वा बडोद्यात शाळा कोणत्याही माध्यमाची असो, आईला न कळणारा शेरा कोणासाठी लिहिला?

आता थोडे आपल्या देवस्थान समित्यांविषयी. उत्सवात आपण टक्के पाहून गुणगौरव करतो. म्हणजे आपणही मुलांना शेराच मारतो! गौरव करताना त्या मुलाने काय साधले, एवढे एक वाक्य तरी वाचून दाखवावे.

आणि पालकहो, प्रगतिपुस्तकावर तुमची सही मागतात, ती तुम्ही वाचले याची खूण म्हणून. जेथे वाचण्याजोगे काही लिहिलेच नाही, तेथे सहीपूर्वी शाळेत जाऊन नम्रपणे विचारा: ‘गुरुजी, आमच्या मुलाने उद्या काय करावे?’ हा प्रश्न दहा घरांतून गेला, तर पुढच्या सत्रात शेरा बदललेला दिसेल.