‘चूक माझीच’ असे लिहून देण्याआधी

गेल्या पंधरवड्यात तास संपल्यावर एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आली. वडील उद्यमबागेतल्या एका लहान वर्कशॉपात पॉवर प्रेस चालवतात. कामगार सात-आठच. उजव्या हाताला पट्टी, तर्जनी मुळापासून गेलेली. विचारले तर म्हणाले, "चूक माझीच की हो, सर. रात्री झोप झाली नव्हती. पत्रा सरळ करायला हात घातला आणि पाय पेडलवर पडला."

मालकाने दवाखान्याचे बिल भरले, वर वीस हजार रुपये दिले आणि सहीसाठी एक कागद पुढे केला. कागद कन्नडात. वडील मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. कन्नड घडाघडा बोलतात, पण वाचता येत नाही. सही न करता त्यांनी तो घरी आणला, हे बरे झाले. मुलीने वाचला. दुसऱ्याच ओळीत होते, ‘नन्न तप्पिनिंद’, म्हणजे माझ्या चुकीने. शेवटी लिहिले होते की यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही.

मी मराठी शिकवतो, वकिली करत नाही. म्हणून एका वकील मित्राला बोलावून घेतले. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "चूक कुणाची, हे कायदा विचारतच नाही."

वाचकहो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मूळ तत्त्व तेच राहिले. कामामुळे आणि काम करताना इजा झाली, की भरपाईची जबाबदारी मालकाची. डुलकी लागली, लक्ष चुकले, एवढ्याने हक्क जात नाही. दारूच्या अमलात असणे, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणे, यंत्राचे गार्ड जाणूनबुजून काढणे, अशा कारणांनीच मालक नाही म्हणू शकतो. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तीही कारणे चालत नाहीत.

मित्राने तिथेच हिशेब मांडला. पगार १२ हजार, वय ४५. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला वयानुसार ठरलेल्या १६९.४४ या आकड्याने गुणायचे. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे कायद्याची यादी सांगते. म्हणून त्या रकमेचे १४ टक्के. उत्तर आले सुमारे १ लाख ७० हजार रुपये. उपचाराचा खर्च याहून वेगळा. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

वर्कशॉपात दहा किंवा अधिक कामगार असते आणि पगार २१ हजारांच्या आत, तर मामला ई.एस.आय.चा झाला असता. तिथे भरपाई ई.एस.आय.कडून मिळते, मालकाकडे दुसऱ्यांदा मागता येत नाही. काम बंद असेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कमही मिळते.

आजारालाही हा कायदा लागू आहे. आपल्या भागात फौंड्र्या पुष्कळ. साच्याच्या वाळूची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन होणारा सिलिकोसिस व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. खोकल्यासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा काम काय करता आणि किती वर्षे, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

अपघात झाला तर एवढे करावे. मालकाला लगेच लेखी कळवून पोच घ्यावी. दवाखान्याचे कागद, पगाराचा पुरावा आणि सोबत्यांची नावे जपावीत. ठेकेदाराकडे कामाला असाल तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायचा. तो कुठे बसतो, हे कामगार खात्याच्या कार्यालयात विचारावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण औद्योगिक कामगाराला मोफत वकील देते. हक्क सोडून देणाऱ्या कागदावर सही झालीच असेल, तरी हातपाय गाळू नका. तसा करार कायद्यापुढे टिकत नाही. मात्र खेटे वाढतात.

निघताना वडील दारात थांबले. "मालक माणूस वाईट नाही हो, सर. पैसे मागितले तर त्याला काय वाटेल?"

मला उत्तर सुचेना. लेकच म्हणाली, "आप्पा, बोट उजव्या हाताचं गेलंय. अजून पंधरा वर्षं त्याच हातानं काम करायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने मालकाला पत्र लिहिले, स्वच्छ कन्नडात. वडिलांना आधी मराठीत वाचून दाखवले आणि मगच त्यांची सही घेतली. आपल्या घराघरांत दोन्ही भाषा वाचणारे एक तरी पोर आहे. घरात आलेला प्रत्येक कागद सहीआधी त्याच्या हातात द्या.