मूकपटातली कुजबूज

दिवाळीच्या फराळाची धांदल चालू असताना घरच्या पुरुषाने स्वयंपाकघराकडे फिरकू नये, हा आमच्याकडचा अलिखित नियम. त्याचा फायदा घेऊन मी बाहेरच्या खोलीत मुलीच्या संगणकावर एक चिनी मूकपट लावून बसलो होतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला चिनी मूकपटाशी काय कर्तव्य, असे आपण विचाराल. कर्तव्य काहीच नाही. पण चकलीचे पीठ मळण्यापेक्षा ते बरे!

सौ. काहीतरी विचारायला बाहेर आली आणि हातात झारा तसाच धरून दारात उभी राहिली. पडद्यावर एक तरुणी रात्रीच्या रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहत होती आणि घरी तिचे तान्हे मूल झोपले होते. "ही कोण हो?" सौ.ने विचारले. मी नाव सांगितले, रुआन लिंग्यू. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. एक घाणा गेला. पण तेल उतरवून ती परत आली आणि शेवटपर्यंत बसली.

चित्रपट 1934 सालचा, शांघायचा. दिग्दर्शक वू युंगगांग यांचा हा पहिलाच. चिनी नाव 'शेन-न्यू'. 'शेन' म्हणजे देव, 'न्यू' म्हणजे स्त्री. कोशात पाहाल तर अर्थ देवी. पण शरीर विकणाऱ्या बाईलाही हाच शब्द. शब्दांवर पोट भरणारा मी, इथे थबकलो. आपण तरी काय केले? देवदासी म्हटले, गोव्याकडे भाविण म्हटले. जिला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, तिच्या नावात मात्र देव आणि भाव!

या बाईला चित्रपटात नाव नाही. मुलगा शाळेत जावा एवढीच तिची इच्छा. तो शाळेत जातोही. मग शाळेचा समारंभ येतो. मुलगा व्यासपीठावर गाऊ लागतो, आई प्रेक्षकांत बसून कौतुकाने पाहते आहे, आणि इकडे पालकांच्या रांगेत एक बाई शेजारणीच्या कानाला लागते. ती पुढचीच्या कानाला. मूकपट असल्यामुळे ना गाणे ऐकू येत, ना कुजबूज. नुसती रांगेतून सरकत जाणारी तोंडे दिसतात. पुढे तक्रारी होतात. वृद्ध मुख्याध्यापक स्वतः चौकशीला तिच्या घरी जातात, तिचे ऐकून विरघळतात, शाळेच्या मंडळापुढे तिची बाजू मांडतात. मंडळ ऐकत नाही. मुलाचे नाव कमी होते आणि मुख्याध्यापक राजीनामा देऊन बाहेर पडतात. शेवटी तिचे लपवून ठेवलेले पैसे उडवणाऱ्या गुंडाचा तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. मुलाला सांभाळण्याचे वचन देणाऱ्या मुख्याध्यापकांना ती सांगते, तुझी आई मेली, असे त्याला सांगा.

रुआन लिंग्यू हे सारे फारसे हातवारे न करता करते. त्या काळच्या मूकपटांतले छाती पिटणे, केस ओढणे काही नाही. गुंडापुढे तिला सिगारेट ओढत बसलेली पाहा. त्या बसण्यात शरणागती आहे आणि तिरस्कारही आहे.

हे तिला कोठून आले, याचा थोडा उलगडा तिच्या आयुष्यात होतो. जन्म 1910 चा, शांघायमधल्या एका कँटनी कुटुंबात. वडील लहानपणीच गेले. आई एका श्रीमंत घरी कामाला होती. त्याच घरच्या धाकट्या मुलाशी, चांग तामिनशी, सोळाव्या वर्षी तिचा संसार सुरू झाला. तो घरच्यांनी मानला नाही. 1926 साली ती मिंगशिंग कंपनीत नटी म्हणून गेली, 1930 मध्ये ल्येन्हुआ कंपनीत आली आणि तिथे तिचे नाव झाले. 'प्रेम आणि कर्तव्य' या चित्रपटात तिने आई आणि मुलगी अशी दोन्ही कामे केली. हा चित्रपट नष्ट झाला असेच सारे समजत होते. त्याची प्रत गेल्या शतकाच्या अखेरीस सापडली ती कोठे, तर दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेत! तिच्या तीसेक चित्रपटांपैकी आज थोडेच उरले आहेत.

चांग जुगारी निघाला. ती कमवी आणि तो उडवी. ती वेगळी झाली, दरमहा पैसे देण्याचा करारही करून दिला आणि थांग चिशान नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याबरोबर राहू लागली. पैसे आटल्यावर चांगने कोर्टात फिर्याद लावली. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे होते? त्यांना तिच्यावर रागही होता. 1934 साली आय शिया या लेखिका-नटीने आत्महत्या केली होती. तिच्या आयुष्यावर त्साय चुशेंग यांनी 'नव्या स्त्रिया' हा चित्रपट काढला आणि त्यात बदनामी करणारे बातमीदार दाखवले. नायिका रुआन लिंग्यू. 1935 च्या आरंभी चित्रपट लागला आणि शांघायचे पत्रकार खवळले. कंपनीने दृश्ये कापली, माफी मागितली. कंपनीची सुटका झाली; नटीची होणार नव्हती. 9 मार्चला तिला कोर्टात उभे राहायचे होते. 8 मार्च 1935 रोजी तिने स्वतःच आपला शेवट करून घेतला. त्या दिवशी महिला दिन होता. पंचवीस वर्षे पुरी व्हायला दीड महिना होता.

लोकापवाद भयंकर असतो, अशा अर्थाचे शब्द तिच्या चिठ्ठीत असल्याचे छापून आले. चिठ्ठी खरी की बनावट, हा वाद पुढे पुष्कळ झाला. अंत्ययात्रेला मात्र शांघायचे रस्ते फुलून गेले होते. आदल्या आठवड्यात तिच्या बातम्या चवीने वाचणारे त्या गर्दीत किती असतील, हे मोजायला कोणी गेले नसेल.

लू शुन या थोर लेखकाने त्याच वर्षी यावर एक निबंध लिहिला. हल्ली आमच्या हाती सत्ता कोठली, असे वर्तमानपत्रवाले म्हणत होते. लू शुन यांचे म्हणणे असे, की बलवंतापुढे नसेल. पण रुआन लिंग्यूसारखीपुढे ती पुरेपूर होती. वाचकांनाही त्यांनी सोडले नाही. मी काही तिच्याएवढी देखणी नाही, पण तिच्यापेक्षा चालीची बरी, हे समाधान चार पैशांच्या वर्तमानपत्रात मिळते, ते कोण सोडील?

पुढे 1991 साली हाँगकाँगच्या स्टॅन्ली क्वान यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्यातल्या कामासाठी मॅगी च्युंगला बर्लिनचे पारितोषिकही मिळाले. तो मी अजून पाहिलेला नाही. मला त्या शाळेच्या रांगेतूनच पुढे सरकता येईना.

कारण तशा एका रांगेत मी बसलो आहे. आमच्या प्राध्यापक-कक्षात एक बाई होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या राहू लागल्या, तशी कुजबूज सुरू झाली. माझ्याकडे आली तेव्हा मी ती नुसती पुढे सरकवली नाही. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, एवढे माझ्या पदरचे घातले आणि वर हसलो. भाषेच्या माणसाचे वाक्य म्हणून ते चार दिवस चालले. सहा महिन्यांनी बाईंनी नोकरी सोडली.

चित्रपट संपला. सौ. झारा घेऊन उठली आणि दारात थांबून म्हणाली, "तुमच्या त्या बाई हल्ली कोठे असतात हो?" तिखटमीठ लावून ती हकीकत मीच तिला सांगितली होती.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"मग विचारा ना कोणाला तरी. डबाभर चकल्या पाठवू."

विचारायचे तर त्याच कक्षात विचारावे लागणार.