सिस्टीम फुकट, जागेचे भाडे महाग

वेरूळची लेणी पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला हिमरू शालींचे नमुने दाखवायला आणि जीएसटीची बिले जपायला स्वस्त टॅबलेट कामाचा आहे. पण आपले व्यापारी बंधू किंमत विचारतात, मोकळी जागा विचारत नाहीत. आमचे म्हणणे इथेच आहे.

2011 साली सरकारने ‘आकाश’ टॅबलेट आणला. अँड्रॉइडला परवाना फी नव्हती, म्हणूनही किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास बसली. पण 256 एमबी मेमरीत काम अडखळत असे. 2014 साली मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांहून लहान टॅबलेटसाठी विंडोजची फी माफ केली आणि 16 जीबीचे स्वस्त टॅबलेट बाजारात आले. पुढे 2019 साली नव्या यंत्रांवर विंडोज 10 साठी किमान 32 जीबी जागा ठरली, 2021 साली विंडोज 11 साठी 64 जीबी. धडधाकट यंत्रे मागे पडली. फी गेली, जागेचे भाडे वाढले.

धुतल्यावर निम्मे आटणारे कापड आपण ताक्यावरच्या मापाने घेऊ का? मग डब्यावरच्या जीबीवर भरवसा कशाला? दुकानातच सेटिंग उघडून मोकळी जागा पाहा. अपडेट किती वर्षे मिळतील ते विचारा. मेमरी कार्डावर फोटो मावतात, सिस्टीम मावत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि कंपन्यांनी वापरता येणारी जागा डब्यावर छापावी, अशी सक्ती सरकारने करावी. माप पुरे देणे हा व्यापाराचा पहिला नियम आहे. तो त्यांनाही लागू आहे.