भेसळ कशाला म्हणावे?

बृहन्महाराष्ट्रात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या तोंडी एक शब्द फार स्वस्त झाला आहे. मृदंगाच्या साथीला सॅक्सोफोन दिसला, की आम्ही नाक मुरडून म्हणतो, ‘भेसळ!’ येथील एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे प्रस्तुत लेखकाने सूचना केली होती, की गणेशोत्सवात एक संध्याकाळ मृदंग, घटम आणि सॅक्सोफोन यांच्या मेळाला द्यावी. तिची वासलात या एका शब्दाने लागली, आणि नाट्यगीतांचा ठरीव कार्यक्रम ठरीव क्रमाने पार पडला. नाट्यगीतांशी आमचे वैर नाही. वैर आहे ते ऐकण्यापूर्वीच निकाल लिहून मोकळे होणाऱ्या वृत्तीशी.

ज्या मेळामुळे अशा संगीताला बंगळूरात प्रतिष्ठा लाभली, त्याची हकीकत आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? १९६४ साली या शहरात ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’ ही तालवाद्ये शिकविणारी संस्था निघाली. मृदंगवादक टी. ए. एस. मणि हे तिचे सूत्रधार आणि त्यांच्या पत्नी, गायिका आर. ए. रमामणि, हा तिचा आवाज. संस्थेचे जे नाव, तेच मेळाचे नाव. १९७८-७९ च्या सुमारास म्यूनिकचा ‘एम्ब्रियो’ हा वाद्यवृंद खुष्कीच्या मार्गाने बसमधून हिंदुस्थानात आला आणि या मंडळींबरोबर वाजवून गेला. पुढे चार्ली मरियानो या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाशी त्यांची जोडी जमली. फेब्रुवारी १९८३ मध्ये जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे त्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि म्यूनिकच्या ईसीएम कंपनीने ‘ज्योती’ या नावाने त्याची तबकडी काढली. मरियानोबरोबर हा मेळ युरोपातील मंचांवर वाजला आणि त्या मैफलींचीही तबकडी निघाली. मणि २०२० साली निवर्तले.

आता भेसळीचा आरोप तपासू. भेसळ म्हणजे फसवणूक. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळणारा वाणी ती लपवून मिसळतो, आणि त्यात तुरीचा कस जातो. ‘ज्योती’मध्ये लपविलेले काय आहे आणि कस कशाचा गेला आहे? मरियानोची सोप्रानो सॅक्सोफोन व बासरी; रमामणींचा कंठ आणि तंबोरा; मणींचा मृदंग; आर. ए. राजगोपाल यांचा घटम आणि टी. एन. शशिकुमार यांची खंजिरी. पियानो नाही, बास नाही. ज्या स्वरसंघांच्या आधारावर जाझवादक आयुष्यभर उभा असतो, तो आधारच या गृहस्थाने घरी ठेवला आणि तो तंबोऱ्याजवळ येऊन बसला. चार्ल्स मिंगस यांच्या १९६३ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात वाजविलेला हा कलावंत त्याच दशकात मलेशियात नागस्वरम् शिकला होता. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मुखपृष्ठावर नाव प्रथम सॅक्सोफोनवादकाचे; पण तबकडी सुरू होते ती रमामणींच्या एकट्या आवाजाने. पाहुण्याने यजमानाचा मान कसा राखावा, याचा याहून चांगला दाखला कोणता?

तालाचा हिशेब तर आपल्या तबलजींनाही मोह पाडील असा आहे. ‘तकिट’ची तीन अक्षरे, ‘तकधिमि’ची चार, दोन्ही जोडली की सात. ही अक्षरे तोंडाने म्हणण्याची जी विद्या, तिला कोन्नक्कोल म्हणतात. आमच्याकडे पखवाजाची पढंत असते. ही तिची दाक्षिणात्य बहीण, पण तिच्याहून कितीतरी विस्तारलेली. जाझमध्ये वादक आळीपाळीने चार-चार मात्रागट वाटून घेतात. कर्नाटक पद्धतीत तनि आवर्तनाच्या वेळी मृदंग व घटम हेच करतात. दोन संगीते एकमेकांस भेटली ती या खोलीवर. वरवरचा साज चढवून अशी भेट घडत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी तालीम करावी लागते.

‘परंतु परंपरेचे काय?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही तंजावरची आठवण देतो. दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) हे आपल्याप्रमाणेच घरापासून दूर राहिलेले मराठी. त्यांच्या पदरी पाश्चात्य वाद्यांचा बँड होता, आणि ज्या व्हायोलिनवाचून आज कर्नाटक संगीताची मैफल उभी राहत नाही, ते त्याच काळात दक्षिणेत रुजले. त्याच तंजावरात कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातील साकी-दिंडी तामिळ हरिकथेत नेली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात कानडी चाली होत्या; आणि ज्या ऑर्गनच्या सुरांनी आमचे डोळे पाणावतात, तो ऑर्गन काय सह्याद्रीत उगवला होता? यशवंतपूरच्या बाजारात महाराष्ट्राचा कांदा उतरतो आणि येथल्या सांबारात पडतो. त्याने सांबार बाटले, असे कोणी म्हणत नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो. पाश्चात्य कंपन्या आपल्या कलावंतांना अद्‌भुत वस्तू म्हणून विकतात आणि श्रेय स्वतः घेतात, असे म्हटले जाते. हे भय खोटे नव्हे. परंतु आपले घर तरी कोठे स्वच्छ आहे? पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) मध्ये जाझचा जो झणझणीत रंग भरला, त्यामागे गोव्याच्या आल्दोन्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचे हात होते. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. ती गाणी तोंडपाठ असणाऱ्यांपैकी किती जणांस ही नावे सांगता येतील? उलट म्यूनिकहून निघालेल्या त्या तबकडीवर बंगळूरच्या संस्थेचे नाव पाहुण्याच्या नावाच्या जोडीने ठसठशीत छापलेले आहे. श्रेयाचा प्रश्न काढावयाचाच असेल, तर तो प्रथम आपल्या तबकड्यांच्या वेष्टनांपाशी काढावा.

दौरा हा शब्द आपणांस परका नाही. आपण दौऱ्यावर जातो, प्रवासभत्त्याचे बिल करतो आणि जसे गेलो तसे परत येतो. हा मेळही दौऱ्यावर गेला. पण जाताना आपला ताल बरोबर नेला आणि परक्याचा स्वर ऐकण्याइतका कान उघडा ठेवला. आपण मात्र बदलीच्या गावी तीन-तीन वर्षे काढतो आणि तेथून निघताना त्या गावाचे एक गाणेही बरोबर नेत नाही. याला संस्कृतिरक्षण म्हणावयाचे काय? आमच्या मते हा निव्वळ आळस आहे. त्याला अभिमानाचे उपरणे पांघरले आहे, इतकेच.

म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी मंडळाने वर्षातून एक संध्याकाळ ज्या शहराचे मीठ आपण खातो त्या शहराच्या कलावंतांना द्यावी, निमंत्रणपत्रिकेवर साथीदारांसह प्रत्येकाचे नाव छापावे आणि बिदागी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांइतकीच ठेवावी. ऐकून झाल्यावर ज्यांना ‘भेसळ’ म्हणावेसे वाटेल, त्यांनी खुशाल म्हणावे. मग त्यांच्याशी वाद घालण्यातही गोडी राहील.