अरण्यातील केबिन साधीच असावी

अलास्काच्या आग्नेय भागात, कॅनडाच्या सीमेवरील पर्वतरांगा आणि प्रशांत महासागर यांच्यामध्ये पसरलेले टाँगस हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन असून त्याचे क्षेत्र सुमारे १ कोटी ६७ लाख एकर आहे. सिटका स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांच्या या पर्जन्यवनात, सरोवरांच्या काठी आणि खाड्यांच्या मुखाशी, अमेरिकी वनसेवेने सुमारे १५० केबिन राखल्या आहेत. सार्वजनिक वापराच्या केबिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लाकडी खोल्या आगाऊ आरक्षण करून माफक शुल्कात कोणालाही मिळतात. मात्र त्यांत वीज, नळ किंवा गाद्या नसतात, तर फळ्यांचे बाक, एक टेबल, खोली उबदार ठेवणारी लाकडाची किंवा तेलाची शेगडी आणि बाहेर थोड्या अंतरावर खड्ड्याचा संडास एवढेच असते. अशा ठिकाणी निदान दिवे आणि पाण्याची सोय तरी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही या केबिनचे साधेपण हा त्यांच्या अस्तित्वाचाच आधार असल्यामुळे ते जपले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हा आधार प्रथमतः कायद्याचा आहे. १९६४ च्या अमेरिकी अरण्य कायद्याने, जेथे मनुष्य केवळ पाहुणा म्हणून येतो आणि वस्ती करीत नाही अशा प्रदेशाला विशेष संरक्षण दिले आणि तेथे रस्ते व बांधकामे सामान्यतः निषिद्ध ठरवली. अलास्कातील विस्तीर्ण प्रदेश १९८० मध्ये एका स्वतंत्र कायद्याने या संरक्षणाखाली आले, तेव्हा आधीपासून असलेल्या सार्वजनिक केबिन टिकवण्यास मुभा देण्यात आली. नव्या केबिनना मात्र लोकांच्या आरोग्यासाठी व सुरक्षिततेसाठी आवश्यक असतील तरच, तेही मर्यादित संख्येत, वाव ठेवण्यात आला. म्हणजे अशा संरक्षित क्षेत्रातील नव्या केबिनचे समर्थन कायदा सुखसोयीच्या नव्हे, तर जीवितरक्षणाच्या आधारे करतो. टाँगसमध्ये ते समर्थन सहज पटते, कारण केचिकनसारख्या गावी वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भिजलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरण्यास फार कडाक्याची थंडी लागत नाही. १९३० च्या दशकातील महामंदीत बेरोजगारांना काम देणाऱ्या नागरी संवर्धन दलानेही या वनात पायवाटांबरोबर असे निवारे उभारले होते.

दुसरा आधार अर्थकारणाचा आहे. यांतील अनेक केबिनपर्यंत केवळ होडीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानानेच पोहोचता येते; म्हणून तेथे बसवलेला प्रत्येक पंप, दिवा किंवा जनित्र दुरुस्तीसाठी वारंवार माणसे पाठवण्याचा खर्च निर्माण करतो. हा खर्च शेवटी शुल्कातून वसूल होतो किंवा व्यवस्था खासगी ठेकेदाराकडे जाण्याची वाट मोकळी करतो, आणि दोन्ही बाबतींत सामान्य माणूसच त्या जागेपासून दुरावतो.

तिसरा आधार आचरणाचा आहे. येथे राखणदार नसल्यामुळे वापरणाराच त्या मुक्कामापुरता राखणदार होतो: ओढ्याचे पाणी दिसायला कितीही स्वच्छ असले, तरी त्यात जिआर्डिया हा आतड्याचा विकार जडवणारा परजीवी असू शकतो म्हणून ते उकळणे, अन्नाच्या वासाने अस्वल येऊ नये याची दक्षता घेणे, सारा कचरा परत नेणे आणि पुढे येणाऱ्या अनोळखी गटासाठी कोरडे सरपण फोडून ठेवणे. ज्याची कधी भेट होणार नाही अशा माणसाची सोय आधी पाहण्याचा हा संस्कार पैसे मोजून मिळणाऱ्या सेवेतून घडत नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की केबिनचे शुल्क कमी असले, तरी विमानाचे भाडे अनेकांना परवडत नाही. यावरील उपाय म्हणजे रस्त्याने किंवा सोप्या पायवाटेने गाठता येणाऱ्या साध्या केबिन वाढवणे, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून मिळालेला निधी प्राधान्याने अशाच केबिनवर खर्च होणे न्याय्य ठरेल. दुसरा आक्षेप वृद्धांचा व अपंगांचा आहे. परंतु चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, रुंद दार आणि योग्य उंचीचा बाक ही प्रवेशाच्या हक्काची बाब असून तिची चैनीशी गल्लत करता कामा नये.

या भूमीला निर्मनुष्य समजण्याची चूकही टाळली पाहिजे. टाँगस हा त्लिंगिट आणि हायडा लोकांचा पूर्वापार प्रदेश आहे, आणि तो त्यांच्याकडून हिरावला गेल्याबद्दल अमेरिकेच्या दावे न्यायालयाने १९६८ मध्ये सुमारे ७५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. या पार्श्वभूमीवर तेथे राहणाऱ्याने सोयींची अपेक्षा उंचावण्याऐवजी स्वतःच्या गरजा आवरणे, हे किमान सौजन्य ठरते.

उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी सहली आखताना या केबिनचा विचार जरूर करावा, कारण त्या नागरिक आणि परदेशी पाहुणा असा भेद न करता सर्वांना खुल्या आहेत. मात्र तेथे मुलांना सरपण फोडण्यापासून पाणी उकळण्यापर्यंतच्या कामांत वाटेकरी करून घ्यावे, आणि परतल्यावर वनसेवेला अभिप्राय कळवताना अधिक सोयींची नव्हे, तर गळकी छपरे वेळेवर दुरुस्त होण्याची व शुल्क आवाक्यात राहण्याची मागणी करावी; सार्वजनिक मालमत्ता सार्वजनिक राहण्यासाठी तिच्या वापरकर्त्यांनी करावयाचे काम हेच आहे.